गृहसचिवांची सही

आपल्याकडे पोलिसांना एखाद्याचा फोन ऐकायचा असेल तर न्यायाधीशाकडे जावं लागत नाही. आजच नव्हे, कधीच जावं लागलेलं नाही. घराची झडती घ्यायची तर सर्वसाधारणपणे वॉरंट लागतं. अटक केली तर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. टपाल खात्याच्या ताब्यातलं एखादं पाकीट तपासासाठी हवं असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्याचा किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. फोनवरच्या बोलण्याला मात्र राज्याच्या गृहसचिवांची एक सही पुरते. ती सही भोपाळच्या वल्लभ भवनात होते; इंदूरच्या महात्मा गांधी मार्गावरच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला तिची खबर लागायचं काही कारण नसतं.

म्हणून ‘विनावॉरंट फोन टॅपिंग’ असा मथळा वाचला की जरा हसू येतं. या कामाला वॉरंट हा प्रकारच नाही. सही होती की नव्हती, आणि होती तर ती वाचून केली की न वाचता, एवढाच वाद असतो.

याचं मूळ 1885 च्या तार कायद्यात आहे. इंग्रजांना तारेची किंमत कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आग्र्याहून मुंबईला जाणारी तार याच इंदूरवरून गेली होती, आणि ज्याच्या हाती तार त्याच्या हाती बातमी, हा धडा 1857 ने त्यांना दिलेला होता. कायद्याच्या पाचव्या कलमाने सरकारला अधिकार दिला: सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल तर निरोप अडवता येईल, वाचता येईल. मुंबई-कलकत्त्यात टेलिफोन एक्स्चेंज सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. पुढे फोन घरोघरी आला, खिशात आला, आणि तारेसाठी शिवलेला हा अंगरखा त्यालाच चढवला गेला. 1972 मध्ये दुरुस्ती होऊन देशाचं सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्याला चिथावणी रोखणं अशी कारणं नेमकी झाली, कारण लेखी नोंदवण्याची अटही आली. पण कारण कुणी तपासायचं, किती दिवस ऐकायचं, ऐकलेल्याचं पुढे काय करायचं, याबद्दल कायदा गप्प राहिला तो आणखी चोवीस वर्षं.

खासगीपणाच्या या कथेत मध्य प्रदेशाचं एक पान आहे, आणि ते फोनचं नसून दाराचं आहे. राज्याच्या पोलीस नियमावलीतले 855 आणि 856 हे नियम पोलिसांना सराईत गुन्हेगारांवर पाळत ठेवायला सांगत. रात्रीबेरात्री घरी जाऊन माणूस आहे की नाही ते बघणं हाही त्यातलाच भाग. गोविंद नावाच्या माणसाने, आपल्यावर खोट्या केसेस घालून हा छळ चालवलाय, असं म्हणत थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. 18 मार्च 1975 रोजी न्या. मॅथ्यू यांनी निकाल दिला. याचिका फेटाळली गेली. पण फेटाळताना न्यायालयाने मान्य केलं की राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमात खासगीपणाचा हक्क दडलेला आहे असं धरून चालता येईल. तो अमर्याद नाही, आणि त्यात हात घालायचा तर राज्याकडे तसंच भक्कम कारण हवं. जुन्या नियमांची पाळत फक्त खरोखर धोकादायक माणसांपुरती ठेवा, नियम नव्याने तपासा, असंही सरकारला बजावलं. त्याआधी बारा वर्षं, खडकसिंगच्या खटल्यात, याच न्यायालयाने रात्रीच्या भेटी बेकायदा ठरवल्या होत्या, मात्र खासगीपणाचा असा हक्क घटनेत नाही, असं बहुमताने म्हटलं होतं. तेव्हा हरलेल्या गोविंदने खूप काही मिळवलं, असंच मी म्हणेन. 24 ऑगस्ट 2017 च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी एकमताने हा मूलभूत हक्क मानला, त्याआधीची बेचाळीस वर्षं वकील मंडळी या गोविंदचंच बोट धरून चालली.

फोनची खरी गोष्ट मुंबईची. 1964 साली तिथल्या एका नर्सिंग होममध्ये झालेल्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर एक रुग्ण दगावला. संशयास्पद मृत्यूची चौकशी करायला तेव्हा मुंबईत कॉरोनर असे. हे पद 1999 मध्ये रद्द झालं. कॉरोनर होते आर. एम. मलकानी. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरच्या बाजूने अहवाल हवा असेल तर वीस हजार रुपये द्या, असा निरोप त्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरमार्फत धाडला. घासाघीस होऊन रक्कम दहा हजारांवर आली. डॉक्टरांनी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग गाठला. ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी मध्यस्थ डॉक्टरच्या घरच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला, डॉक्टरने नंबर फिरवला, आणि पलीकडून कॉरोनरसाहेब बोलत गेले. गृहखात्याचा आदेश वगैरे काही नव्हतं.

मलकानींनी सर्वोच्च न्यायालयात दोन मुद्दे घेतले. हे टेपिंग तार कायद्याच्या विरुद्ध आहे, आणि बेकायदा मिळवलेला पुरावा चालत नाही. 22 सप्टेंबर 1972 रोजी न्या. ए. एन. रे यांनी दोन्ही मुद्दे नाकारले. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाने पोलिसांना आपणहून ऐकू दिलं, तेव्हा तारेत कुणी लबाडीने शिरलं असं होत नाही. आणि पुरावा मिळवण्यात काही गैर झालं असलं तरी तो खटल्याशी संबंधित असेल तर ग्राह्य आहे. निरपराध नागरिकाच्या संभाषणाचं पोलिसांच्या मनमानीपासून न्यायालय रक्षण करील, मात्र ते संरक्षण कायदा राबवणाऱ्या पोलिसांविरुद्ध गुन्हेगाराला मिळणार नाही, असा त्यांचा सूर होता. पोलिसांनी याचा अर्थ बेकायदा मार्गांना मोकळीक असा घेऊ नये, हेही त्यांनी लिहून ठेवलं.

लाचखोर कॉरोनर सुटला नाही याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण या निकालात गाठ अशी आहे की निरपराध कोण आणि गुन्हेगार कोण, हे ऐकून झाल्यावरच कळतं. ऐकताना दोघेही सारखेच असतात.

मलकानी खटल्याचा पहिला भाग आजही रोजच्या वापरात आहे. इंदूरच्या वर्तमानपत्रांत लोकायुक्त पोलिसांनी अमुक पटवाऱ्याला ‘ट्रॅप’ केल्याच्या बातम्या येतात, त्यात बहुतेक वेळा तक्रारदाराच्या खिशात पोलिसांनीच दिलेला व्हॉइस रेकॉर्डर असतो. तिथे गृहसचिवांची सही लागत नाही, कारण बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती असते. दोघांनाही पत्ता नसताना तिसऱ्याने ऐकणं, ही वेगळी गोष्ट आहे आणि सही लागते ती तिथे.

या तिसऱ्या कानाला वेसण घालण्याचा पहिला प्रयत्न 1996 चा. त्याआधी राजकारण्यांचे फोन ऐकल्याच्या प्रकरणांनी बरीच धूळ उडवली होती. कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांना 1988 मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं ते याच आरोपावरून. पुढाऱ्यांच्या फोन टॅपिंगबद्दलचा सीबीआयचा अहवाल 1991 मध्ये ‘मेनस्ट्रीम’ साप्ताहिकात छापून आला आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. फोनवरचं बोलणं हा माणसाच्या खासगी आयुष्याचा महत्त्वाचा भाग आहे, असं सांगून न्या. कुलदीप सिंग यांनी नियम घालून दिले: आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचाच हवा, मुदत दोन महिने, वाढवत नेली तरी सहा महिन्यांपुढे नाही, आणि प्रत्येक आदेश एका आढावा समितीपुढे जायला हवा. संघटनेची मागणी मात्र याहून मोठी होती. आधी न्यायाधीशाची परवानगी हवी, असं तिचं म्हणणं होतं. कायद्यात तशी तरतूद नसताना आम्ही ती घालू शकत नाही, असं न्यायालयाने उत्तर दिलं. चेंडू संसदेकडे गेला आणि तिथेच राहिला.

जाता जाता एक योगायोग सांगतो. या निकालाची तारीख 18 डिसेंबर 1996. खडकसिंग निकालाची तारीख 18 डिसेंबर 1962. आणि अमेरिकेत सार्वजनिक फोनच्या खोक्यावर एफबीआयने लावलेला मायक्रोफोन बेकायदा ठरवणारा, तिथल्या साऱ्या कायद्याला वळण देणारा कॅट्झ खटला निकाली निघाला तो 18 डिसेंबर 1967 रोजी. यातून काही सिद्ध होत नाही, पण लॉ कॉलेजच्या पोरांना तारीख पाठ करायला सोपी जाते.

2007 मध्ये हे नियम तार नियमावलीत 419-अ म्हणून बसले. आता या कामापुरता तार कायदाच मागे पडला आहे. त्याच्या जागी आलेल्या 2023 च्या दूरसंचार कायद्याचं विसावं कलम 26 जून 2024 पासून लागू झालं, आणि 6 डिसेंबर 2024 रोजी त्याखालचे नवे नियम निघाले. सांगाडा तोच आहे. आदेश गृहसचिवांचा, एका वेळी साठ दिवस, एकूण एकशे ऐंशी. तातडीच्या प्रसंगी राज्यपातळीवर पोलीस महानिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा प्राधिकृत अधिकारी ऐकायला सुरुवात करू शकतो, पण तीन कामकाजी दिवसांत वर कळवायचं आणि सात कामकाजी दिवसांत मंजुरी आणायची. मंजुरी आली नाही तर तोवर ऐकलेलं न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरायचं नाही आणि दोन कामकाजी दिवसांत नष्ट करायचं, ही नव्या नियमांतली स्वागत करावी अशी भर. म्हणजे ठाण्याचे टीआय (टाउन इन्स्पेक्टर) साहेब कितीही रुबाबदार असले तरी स्वतःच्या अखत्यारीत कुणाचा नंबर ‘लिसनिंगवर’ टाकू शकत नाहीत. तसं केलं तर तो गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कागदावर हे सगळं नेटकं दिसतं. आता आढावा समितीकडे वळू. केंद्रात कॅबिनेट सचिव आणि राज्यात मुख्य सचिव तिचे अध्यक्ष असतात, सोबत आणखी दोन सचिव. म्हणजे एका सचिवाने केलेली सही तीन सचिव तपासणार. बाहेरचं कुणी नाही. आणि तपासणार तरी किती? माहिती अधिकारातून पुढे आलेला आकडा असा की एकट्या केंद्र सरकारकडून महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश निघत होते. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 मध्ये हिशेब मांडला: दोन महिन्यांनी एकदा भरणाऱ्या बैठकीत या मंडळींपुढे पंधरा ते अठरा हजार आदेश येणार. श्रीकृष्ण मुंबई उच्च न्यायालयातून आलेले, शब्द जपून वापरणारे न्यायाधीश. त्यांनीही हे काम अशक्यप्राय ठरवलं.

सही न वाचता होते तेव्हा काय घडू शकतं, त्याचा एक नमुना महाराष्ट्रात चर्चेला आला. 2022 मध्ये पुण्याच्या बंडगार्डन आणि मुंबईच्या कुलाबा पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवले गेले. पुढाऱ्यांचे नंबर भलत्याच नावांनी टॅपिंगच्या यादीत घातले, असा आरोप होता. नाना पटोले यांचा नंबर म्हणे ‘अमजद खान’ या नावाने, अमली पदार्थांचा संशयित म्हणून. पुण्याच्या माजी पोलीस आयुक्त रश्मी शुक्ला यांनी आरोप नाकारले. सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे दोन्ही गुन्हे रद्द केले आणि जानेवारी 2024 मध्ये त्या राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. कोण खरं, कोण खोटं, या वादात मला शिरायचं नाही. मला खटकतं ते हे की ‘हा नंबर खरोखर या माणसाचाच आहे का?’ असा साधा प्रश्न विचारणारं खुर्चीतलं माणूस या व्यवस्थेत कोणतं, ते कुणालाच नीट दाखवता आलं नाही.

मग राहतं न्यायालय, तेही नंतरचं. बेकायदा टेप फेकून देण्याची न्यायालयाची तयारी असेल तरच सहीला अर्थ आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 22 ऑक्टोबर 2019 रोजी ती तयारी दाखवली. बँक अधिकाऱ्याला दहा लाखांची लाच दिल्याचा आरोप असलेल्या एका उद्योजकाचा फोन सीबीआयने 2009-10 मध्ये तीन आदेशांखाली ऐकला होता. (त्यातला एक आदेश 18 डिसेंबरचाच.) न्या. रणजित मोरे आणि न्या. एन. जे. जामदार यांनी विचारलं, यात सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न कुठे आला? लाच वाईटच, पण त्याने लोकांचा जीव धोक्यात आला का? तिन्ही आदेश रद्द झाले आणि टेप नष्ट करायला सांगितलं गेलं. नियम मोडून मिळवलेला पुरावा चालवून घेतला तर 1996 चा निकाल केराच्या टोपलीत जाईल, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ. मलकानी खटल्याच्या दुसऱ्या भागाला दिलेलं हे सरळ उत्तर आहे, आणि माझ्या मते बरोबर उत्तर आहे.

पण सगळी न्यायालयं असं मानत नाहीत. 2025 च्या जून अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाने, मोठ्या सरकारी कंत्राटातला भ्रष्टाचार हा सार्वजनिक सुरक्षेचाच प्रश्न होऊ शकतो, असं म्हणत टॅपिंग वैध धरलं. आठवडाभरातच, 2 जुलैला, मद्रास उच्च न्यायालयाने लाचेच्याच प्रकरणातला 2011 चा आदेश रद्द केला. महाराष्ट्रात आणखी एक वेगळी वाट आहे ती मोक्काची. 1999 च्या त्या कायद्यात संघटित गुन्हेगारांचे फोन ऐकण्याची स्वतंत्र तरतूद आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली होती, सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये पुन्हा जिवंत केली.

आता जरा खालच्या पायरीवर येऊ, कारण आपल्यासारख्यांचा संबंध टॅपिंगपेक्षा सीडीआरशी अधिक येतो. कुणी कुणाला, केव्हा, किती सेकंद फोन केला आणि तेव्हा कोणता टॉवर होता, ही नोंद म्हणजे सीडीआर. तिच्यात बोलणं नसतं, म्हणून तिला गृहसचिवाची सहीही लागत नाही; पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पत्रावर कंपनीचा नोडल अधिकारी ती देतो. कंपन्यांना ही नोंद किमान दोन वर्षं जपून ठेवावी लागते. बोलणं नसलं म्हणून ती निरुपद्रवी नव्हे. रात्री अकराला कुणाशी चाळीस मिनिटं, सकाळी सातला कोणत्या कॅन्सर रुग्णालयाशी दोन मिनिटं, एवढ्यावरून माणूस उघडा पडतो. शिवाय ‘टॉवर डंप’ नावाचा प्रकार आहे. समजा रंगपंचमीच्या गेरीत राजवाड्यासमोर कुणाचा खून झाला आणि पोलिसांनी त्या तासाचा टॉवर डंप मागवला, तर रंग खेळायला आलेल्या हजारो इंदूरकरांचे नंबर एका फाइलीत येतात. त्यांच्यातला एक संशयित, बाकीचे आपण. आणि फाइली बाहेरही जातात: जानेवारी 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी पैसे घेऊन सीडीआर विकणारी खासगी गुप्तहेरांची टोळीच पकडली होती.

विकत घेणारे कोण असतात? बरेचदा नवराबायको. नवराबायकोच्या अशा पाळतीबाबत मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा एक निकाल 2016 च्या निकालसंग्रहात आहे. बायकोच्या नकळत नवऱ्याने टेप केलेलं तिचं फोनवरचं बोलणं म्हणजे तिच्या खासगीपणावर आक्रमण आहे आणि ते घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालणार नाही, असं न्यायालय म्हणालं. 14 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दुसऱ्या राज्यातल्या एका प्रकरणात, उलट निकाल दिला. अशी रेकॉर्डिंग्ज चालतील. एकमेकांवर पाळत ठेवण्याची वेळ आली याचाच अर्थ विश्वास आधीच गेलेला आहे, असा त्यांचा युक्तिवाद. वैवाहिक दाव्यापुरतं ते समजू शकतं. पण घरातल्या टेपला मिळालेली ही मोकळीक उद्या पोलिसांच्या टेपसाठी कुणी वापरू नये म्हणजे झालं.

तुमच्या ओळखीच्या कुणावर खटला झाला आणि आरोपपत्रात फोन संभाषणाची प्रतिलिपी निघाली, तर वकिलाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट मागायला सांगा: आदेशाची प्रत. सही कुणाची, तारीख काय, कारण लिहिलंय का, की कलमातले शब्द तसेच उतरवलेत, साठ दिवसांनंतर मुदतवाढ होती का, आढावा समितीपुढे तो गेला होता का, हे सगळं त्यावरून कळतं. मात्र खटला झालाच नाही, तर आपला फोन कुणी ऐकला होता हे आपल्याला कधीच कळणार नाही. अमेरिकेत ऐकणं संपल्यावर साधारणपणे नव्वद दिवसांत त्या माणसाला कळवावं लागतं. आपल्याकडे ऐकलेलं साहित्य गरज नसल्यास सहा महिन्यांनी नष्ट करायचं असतं. हे खासगीपणाच्या सोयीचं आहे, पण बेकायदा ऐकणाऱ्याच्याही तितक्याच सोयीचं.

इंग्लंडने 2016 च्या कायद्याने मंत्र्याच्या सहीवर न्यायिक आयुक्ताची दुसरी सही आणली, आणि वर्षाला किती वॉरंटं निघाली तो आकडा तिथे जाहीर होतो. आपल्याकडे दुसऱ्या सहीसाठी संसदेला कायदा बदलावा लागेल. ते लवकर होईलसं दिसत नाही. आकड्यासाठी मात्र कायदा बदलायची गरज नाही. मध्य प्रदेशाच्या गृहखात्याने गेल्या वर्षी किती आदेश काढले, किती मुदतवाढी दिल्या, आणि मुख्य सचिवांच्या समितीने त्यातले किती नामंजूर केले, एवढे तीन आकडे. त्यात कुणाचं नाव नाही, कोणत्याही तपासाला बाधा नाही. इंदूर जिल्ह्यातून विधानसभेवर नऊ आमदार जातात. त्यांच्यापैकी एकाने, कोणत्याही पक्षाच्या, पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न विचारावा, आणि आपल्या आमदाराला तसं पत्र या लेखाच्या वाचकांनी लिहावं.